दम तुटेल तिथे

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८०८

जाऊबाई,

कल्याणच्या घरी एका सकाळी पाणी भरून झाले होते, चूल सारवून झाली होती, आणि तुम्ही सुपात तांदूळ घेऊन जात्याशी बसला होतात. मी समोर बसले. खुंट्याला वर तुमचा हात, खाली माझा. ओवी तुम्हीच जोडलीत, निम्मी:

एका खुंट्याला गं, जावा दोघी धरिती

पुढची ओळ मी जोडली:

पीठ पडे एक, त्याचे दोन कोण करिती

तुमचा दम तुटला की मी शब्द उचलत होते, माझा तुटला की तुम्ही. जाते थांबत नव्हते. हे बाहेर ओटीवर राखुंडीने दात घासत होते. तिथूनच त्यांनी विचारले, "वहिनी, आत्ता कोण म्हणत होतं? तुम्ही की ही?"

तुम्ही म्हणालात, "ओळखा. ओळखलंत तर खरवस."

त्यांनी चुकीचे ओळखले. दर वेळी चुकत. खरवस मात्र तुम्ही दर वेळी दिलात.

त्या सकाळी विशेष काहीच घडले नाही. भाकऱ्या झाल्या, धुणी झाली. पुढे हे गेले, आणि त्यांचे सारे दिवस झाल्यावर मी पुन्हा जात्याशी येऊन बसले. तुम्ही ओवी धरलीत. तुमचा दम तुटला, मी सवयीने शब्द उचलला, आणि तुम्ही खुंटा सोडलात. म्हणालात, "मंदा, आता तू म्हणू नकोस. घरात लेकरं आहेत."

मी म्हटले नाही. थोड्या दिवसांनी इकडे ठाण्याला प्रभाकरकडे आले. सख्खा भाऊ आहे, त्याने ठेवून घेतले. त्यानंतर तुमचा शब्द आला नाही, माझाही गेला नाही. गेल्या आषाढात मात्र तुम्ही लेकीला, सुमतीला, इथल्या शाळेसाठी माझ्याकडे पाठवलीत.

तुम्ही विचाराल, मंदा पत्र कधी लिहायला लागली. तुमच्याच घरी. देवघरातल्या पोथीतले अभंग मला पाठ होते, अक्षरे येत नव्हती. पाठ असलेला शब्द कागदावर कुठे बसला आहे ते बोटाने शोधत गेले. तुम्हाला वाटे, मी पोथीवरची धूळ पुसते.

आता कामाचे. भावोजी परवा कचेरीच्या कामाला आले होते, तेव्हा त्यांनी तुमचा निरोप सांगितला. शाळेचा बक्षीस समारंभ माघात आहे. त्यात सुमतीने एकटीने उभे राहून कविता म्हटली आणि इनाम मिळवले, तर आणखी एक वर्ष ती शाळेत राहील. नाही तर तिला कल्याणला नेणार. पुण्याच्या ज्या मंडळींनी मुलगी पाहायला येऊन "मुलगी मुकी आहे काय?" म्हणून विचारले होते, त्यांना तुम्हाला इनाम दाखवायचे आहे.

तुमची चिंता मला कळते. मुलगी तुमची आहे. एवढेच सांगते की ती मुकी नाही. पहिले अक्षर अडते, बाकी सगळे आत तयार असते. आषाढात आली तेव्हा ती मानेनेच हो-नाही करत होती. आता ती रखमा नावाच्या मुलीशी भांडते.

हे पत्र भावोजी तुम्हाला वाचून दाखवत असतील. भावोजी, मधले काही गाळू नका.

मंदाकिनी


ठाणे, पौष शुद्ध नवमी, शके १८०८

जाऊबाई,

तुमचा दुसरा निरोप पोचला. मी मुलींना शाळेत नक्की काय शिकवते, असे तुम्ही विचारले आहे. भावोजींनी "विचारले" असा शब्द वापरला. तुम्ही कोणता वापरला असेल तो मी ऐकू शकते.

शाळा आमच्या आळीतल्या एका घराच्या पडवीत भरते. शिकवणारे अण्णा म्हणून म्हातारे पंतोजी आहेत. मला त्यांनी शिवण दाखवायला घेतले. मुली कवितेच्या वेळी रडत, म्हणून मी तिथेही बसू लागले. अण्णांची रीत अशी की एकेकीला उभी करायची, चुकली की खाली बसवायची, शेवटी जी उभी राहील ती पहिली. रोज एक मुलगी पहिली यायची आणि बाकी सगळ्या चुकलेल्या घरी जायच्या. सुमती तर उभी राहायच्या आधीच खाली बसत असे.

अण्णांनी समारंभासाठी स्वतः कविता केली आहे. खाडीच्या भरतीवर आहे. ओळी लांब आहेत, मुलींचा दम पुरत नव्हता. मी म्हटले, "अण्णा, यांना जात्यावरच्या बायकांसारखे म्हणू द्या."

"म्हणजे कसं?"

"सगळ्यांनी एकदम. जिचा दम तुटेल तिने बेशक थांबावं, शेजारणीने शब्द उचलावा. ती थांबली की हिने. ओळ खाली पडू द्यायची नाही."

अण्णा म्हणाले, "मग पहिली कोण ते कळायचं कसं?"

"कळत नाही."

"बाई, इनामाच्या आशेनं तरी लोक पोरींना पाठवतात. पहिली कोणीच नाही म्हटलं, तर निम्म्या घरी बसतील."

त्यांचे खोटे नाही. शाळा किती ओढून-ताणून चालते ते मी पाहते. मी म्हटले, इनाम तुम्ही गणिताला द्या, शिवणाला द्या, गाण्यापुरते तेवढे नको. त्यांनी आठ दिवस करून पाहायला सांगितले. आठ दिवसांनी त्यांनी बंद करा असे म्हटले नाही. आता ते खिडकीशी बसून तपकीर ओढतात आणि ऐकतात.

मी स्वतः म्हणत नाही. तुम्ही सांगितले होते ते पाळते. शब्द बोलून सांगते आणि जमिनीवर हाताने ठेका धरते. चाल रखमा धरते. ही कोपरीच्या धोंडीबांची मुलगी, धोंडीबा कचेरीत पट्टेवाले आहेत. ती सुमतीच्या शेजारी बसते. तुम्हाला ते आवडणार नाही, पण रखमाचा दम सगळ्यांत मोठा आहे आणि सुमतीला तिच्याच बाजूला धीर येतो. पहिल्या दिवशी रखमा तिला म्हणाली, "तू नुसतं तोंड हलव गं, पहिलं अक्षर मी म्हणते. दुसऱ्यापासून तू ये." सुमती दुसऱ्यापासून आली. आता पहिल्यापासून येते. सगळ्यांत म्हणताना ती अडखळत नाही. का, ते मला ठाऊक नाही. अण्णांनाही नाही.

परवा संक्रांतीच्या तयारीत मुली दंगा करत होत्या. रखमा म्हणाली, "काकू, ही सुमती माझ्या वाटणीचा श्वास पण घेते. हिला वेगळी बसवा!" सुमती म्हणाली, "घ... घेते! तुला क... कमी पडतो काय?" सगळ्या हसल्या. सुमतीही हसली. अडखळल्यावर हसणारी सुमती तुम्ही पाहिली आहे काय? मी तोवर पाहिली नव्हती.

आता तुमची अट. तिला एकटीला उभी करायची तयारी करून घ्या, असे तुम्ही म्हणता. मी तिला विचारले. ती म्हणाली, "आ... आईला हवं असेल तर मी उभी राहीन." तर ती उभी राहील. मी तिला अडवणार नाही आणि ढकलणारही नाही.

तिळगूळ भावोजींबरोबर पाठवते. माझ्या हातचा नाही, प्रभाकरच्या बायकोच्या हातचा आहे. घ्यायला हरकत नाही.

मंदाकिनी


ठाणे, माघ शुद्ध द्वादशी, शके १८०८

जाऊबाई,

समारंभ काल झाला. भावोजींना रजा मिळाली नाही, म्हणून झाले ते मीच लिहिते.

मंडप अंगणात होता. एका बड्या साहेबांची मडम आली होती, शाळा तपासणारे डिपुटी साहेब होते, गावातली मंडळी होती. दुसऱ्या एका शाळेच्या मुलीही आल्या होत्या. मी समोर बसणे योग्य नव्हते, म्हणून माजघराच्या दाराआड उभी राहिले. त्यामुळे पाहिले थोडे, ऐकले जास्त.

इनाम म्हणून चांदीचा कुंकवाचा करंडा ठेवला होता. आधी शिवण पाहिले, मग पाढे झाले. कवितेची वेळ आली तेव्हा अण्णांनी साऱ्या मुलींना उभ्या केल्या. डिपुटी साहेब म्हणाले, "पंतोजी, सगळ्या नकोत. इनाम एकीला द्यायचं आहे. चांगली असेल ती पुढे येऊ द्या, बाकीच्या मागे राहू द्या."

मग पैंजण वाजले. सुमतीच्या डाव्या पायातला एक घुंगरू पडलेला आहे, म्हणून मला कळले की तीच पुढे गेली.

कवितेची पहिली ओळ "भरती आली खाडीला" अशी आहे. सुमतीचा "भ" अडला. मी ऐकत होते. "भ... भ..." मंडपात कोणीतरी खोकले. कोणीतरी हसले, बाईमाणूस होते. माझे तोंड दाराआड उघडले होते. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो म्हटला नाही.

रखमाने म्हटला. मागच्या रांगेतून, जरासुद्धा घाई न करता, रोज उचलते तसा. तिच्या पाठोपाठ बाकीच्या आल्या. आणि दुसऱ्या शब्दाला सुमती त्यांच्यात होती. मी तिचा आवाज शोधत होते. थोडा वेळ सापडला, मग सापडेना. पूर्ण कविता झाली. लांब ओळीसुद्धा कुठे खाली पडल्या नाहीत. मला त्या वेळी ओटीवर राखुंडी घेऊन बसलेले माणूस आठवले. दुसरे काही आठवले नाही.

मग डिपुटी साहेबांचा आवाज आला, "एकीनं म्हणायचं ठरलं होतं ना?"

रखमा म्हणाली, "एकीनंच म्हटलं की साहेब."

"मग बाकीच्या का म्हणाल्या?"

"तिचा दम तुटला ना!"

जणू यात विचारण्यासारखे काय आहे. मंडप हसला. मडमेने काहीतरी विचारले, ते डिपुटी साहेबांनी मराठीत सांगितले: बाईसाहेब विचारतात, तुमच्यात सगळ्यांत चांगली कोण म्हणते? मुली एकमेकींकडे बघू लागल्या, असे अण्णांनी मला नंतर सांगितले. लाजल्या नव्हत्या. त्यांना खरेच ठरवता येईना. शेवटी एक लहानगी म्हणाली, "आम्ही ते कधी पाहिलं नाही."

डिपुटी साहेबांनी नियम सांगितला आणि करंडा दुसऱ्या शाळेच्या मुलीला दिला. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. ती मुलगी एकटी म्हणाली आणि फार चांगली म्हणाली. तिचा आवाज मी दाराआडून ऐकला. संपल्यावर ती कोणाकडे न बघता एका बाजूला जाऊन बसली.

तर इनाम मिळाले नाही. तुमची अट पुरी झाली नाही. ती कशी मोडली ते मी जसेच्या तसे लिहिले आहे. मुली नियम मोडायला उठल्या नव्हत्या. शेजारणीचा दम तुटल्यावर गप्प उभे राहायचे असते, हे त्यांना मी कधी शिकवलेच नव्हते.

सुमतीने घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपली. सकाळी तिने विचारले, "आ... आई रागावेल का?" मी म्हटले, मला ठाऊक नाही.

मंदाकिनी


ठाणे, माघ वद्य सप्तमी, शके १८०८

जाऊबाई,

भावोजी येऊन सुमतीला घेऊन गेले. तुमचे म्हणणे ठरल्याप्रमाणे झाले, त्याला मी बोल लावत नाही. इथे काय झाले ते मात्र तुम्हाला कळलेले बरे, कारण भावोजी ते सांगणार नाहीत.

त्यांनी सुमतीला ओटीवर उभी केली आणि ती कविता एकटीने म्हणायला सांगितली. रागाने नव्हे, आशेने. तिचा "भ" अडला. त्यांनी वाट पाहिली. पुन्हा अडला. मग ते मला म्हणाले, "मंदा, एवढे महिने शाळेत जाऊन हिच्यात फरक काय पडला? होती तशीच आहे."

मी म्हटले, "जीभ होती तशीच आहे."

"मग उपयोग काय त्या गाण्याचा?"

"ते औषध आहे असं मी कधी म्हटलं नाही, भावोजी. ती सकाळी स्वतःहून शाळेत जाते. अडखळली तरी पुढचं बोलते. तिला मैत्रिणी आहेत. साऱ्यांत म्हणताना तिला वाटतं, आपण इतरांसारख्या आहोत. आणि तेवढा वेळ ती असतेही."

"तेवढा वेळ," ते म्हणाले. "आणि बाकीचा वेळ?"

मी विचारले, "घरी ती कोणाबरोबर म्हणते?"

ते म्हणाले, "घरी सगळे आपापल्या कामात असतात." मग त्यांनी पगडी घातली आणि गाडीची चौकशी केली. ते वाईट नाहीत. जाताना त्यांनी सुमतीचे बोचके स्वतः उचलले.

निघताना रखमा आली होती. ती रडली नाही, भांडली. म्हणाली, "आता मधल्या ओळीत मी एकटी पडते. हिच्या बापाला म्हणावं, तू येऊन बस." भावोजींनी ते ऐकले. ऐकले नाही असे दाखवले.

दुसऱ्या दिवशी मुलींनी कविता म्हटली तेव्हा मधली ओळ खाली पडली. सुमती जिथे शब्द उचलायची तिथे कोणीच उचलला नाही. सगळ्या तिच्यावर सोडून होत्या. ज्या मुलीचा शब्द निघत नाही असे तुम्ही म्हणता, तिच्यावर. मग अण्णांनी "आज पुरे" म्हटले.

हे पत्र सुमतीने वाचावे, असे मी बाहेरच्या बाजूला लिहिले आहे. भावोजी ते मानतील असे वाटते. तर आतापर्यंतचे हे सारे तिनेच तुम्हाला वाचून दाखवले असेल, अडखळत. वेळ लागला असेल. सुमती, तू छान वाचलेस. जाऊबाई, ती अडली की लोक तिला शब्द पुरा करून देतात आणि पुढे चला म्हणतात. तिला ते आवडत नाही. बरोबरीने म्हटलेले आवडते. पण तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा बरोबरीने म्हणणार कशा, हा प्रश्न मला पडला. म्हणून शेवटी तुम्हाला पाठ असलेले लिहिते. ते उद्या सकाळी जात्याशी बसून वाचावे. सुमतीचा हात खाली, तुमचा वर.

एका खुंट्याला गं, जावा दोघी धरिती

पुढची ओळ लिहीत नाही. ती माझी होती, आणि मी म्हणत नाही. तुम्हाला ती येते.

मंदाकिनी


ठाणे, फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८०८

जाऊबाई,

पीठ पोचले. तुमच्या स्टेशनावरचा दगडू घेऊन आला. पुरचुंडी अंगणातच ठेवून म्हणाला, "बाई, वैनींनी दिलंय. म्हनल्या, दोघींनी दळलंय. कुनाचं किती त्ये इचारू नको म्हनावं." आणि जायला निघाला. पायरीवरून परत फिरला आणि म्हणाला, "आनखी एक सांगितलंय. म्हनल्या, मंदाला सांग, लेकरं हायत म्हनूनच म्हन."

मी त्याला पुन्हा सांगायला लावले. तो म्हणाला, "तेवढंच सांगितलंय, बाई. मला त्यातलं काय कळलं न्हाई." त्याला ताक दिले. तो गेला.

त्या पिठाच्या भाकऱ्या केल्या. पीठ थोडे जाडसर आहे. सुमतीचा हात अजून हलका पडतो.

सोमवारी भावोजी तिला घेऊन आले. मी विचारले, "कसं काय ठरलं?" ते म्हणाले, "मला कुठे कोणी काय सांगितलं? गाडीची वेळ तेवढी सांगितली." मग ओटीवर बसून त्यांनी सांगितले की एक वर्ष शाळा, आणि पुण्याची मंडळी थांबली तर थांबली. थांबतील की नाही, ते त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही. जाताना त्यांनी विचारले, "ती रखमा का कोण, ती आहे ना अजून?"

घरी काय झाले ते सुमतीने सांगितले. तुम्ही सांगितले नसते. ती म्हणाली, "आ... आईने मला जात्याशी बसवलं आणि वाच म्हणाली. मी अडकले. आईने माझ्याबरोबर म्हटलं. मग तुझी ओळ होती. ती कागदावर नव्हतीच. ती आईने एकटीने म्हटली. आणि मग जातं थांबलं, काकू."

मी विचारले, "मग?"

"मग आ... आई म्हणाली, तुझ्या काकांना खरवस आवडायचा. आणि पुन्हा फिरवायला लागली."

तुमच्या घरी जाते मधेच थांबलेले मी एकदाच पाहिले होते. आता दोनदा झाले. दुसऱ्या वेळी मी तिथे नव्हते, पण मला ते दिसते.

सुमती आली त्या रात्री मला बरी झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, रखमा आणि सुमती यांच्या मध्ये बसले, आणि मुलींबरोबर म्हटले.

मंदाकिनी